पंचेचाळीस टक्के म्हणजे काठावर पास?

‘मॅडम, हृदय निम्मंच चालतंय हो माझं.’

गेल्या वर्षभरात समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने टूडी इकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची) फाइल पिशवीतून काढायच्या आतच मला कळतं, बोट कुठल्या ओळीवर जाणार. ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा. ईएफ 45. ईएफ 40. कुणाचा 50 असला तरी चेहरा पडलेलाच. लहानपणापासून शंभरपैकी किती मिळाले याचीच सवय आपल्याला, त्यामुळे 45 म्हणजे काठावर पास आणि 35 म्हणजे पुढच्या परीक्षेला बसायचीही खात्री नाही!

एका काकांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. वय 61, पाणीपुरवठ्याच्या पंपांवर तीस-एक वर्षं नोकरी, घर कोथरूडमधल्या जुन्या सोसायटीत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. हार्ट अटॅक आला, त्याच दिवशी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट पडला. इकोत ईएफ 45. हृदयाच्या डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी सांगितलं, ‘चाला, जिना चढा, हळूहळू वाढवा.’ काका मात्र चार महिने घराबाहेर पडले नव्हते. दर रविवारी पर्वतीची टेकडी चढणारा माणूस! माझ्याकडे आले तेव्हा जिना उतरायला त्यांना अर्धा तास लागला होता, दर मजल्यावर काकूंनी स्टूल ठेवलं होतं.

पहिल्या दोन भेटींत मी चुकले, हे आधीच कबूल करते. मी त्यांना हृदय शिकवायला बसले. मुठीएवढा स्नायू, चार कप्पे, दिवसाला साधारण एक लाख ठोके, स्वतःच्या रक्तवाहिन्या वेगळ्या, त्यांत चरबीचा थर साचतो, तो फुटून त्यावर गुठळी बसली की पुढच्या स्नायूचं रक्त तुटतं, तोच अटॅक. काकांनी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि घरी जाऊन पूर्वीपेक्षा जास्त वेळा नाडी मोजली. धीर देणं हे औषधासारखंच असतं, त्याचीही सवय लागते. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते आणि स्वतःच विसरले होते.

तिसऱ्या भेटीत मी शिकवणं बंद केलं आणि विचारलं, ‘काका, 45 म्हणजे नक्की काय वाटतं तुम्हाला?’

‘एफिशिअन्सी. 45 टक्क्यांचा पंप आमच्याकडे कुणी ठेवला नसता, भंगारात गेला असता.’

म्हणजे चार महिने हा माणूस स्वतःला भंगारात काढून बसला होता! मी कागद पुढे सरकवला. ‘डावा कप्पा भरला की त्यात साधारण 120 मिली रक्त मावतं. एका ठोक्याला त्यातलं 70 मिली बाहेर जातं, 50 आतच राहतं. हा निरोगी माणसाचा हिशोब बरं का. टक्केवारी काढा.’

त्यांनी मोबाइल काढला नाही, तोंडी केलं. ‘58.’ मग थांबले. ‘निरोगी माणसाचे 58?’

‘55 ते 70च्या आसपास. शंभर कुणाचेच नसतात.’

बराच वेळ ते कागदाकडे बघत होते. मग स्वतःशीच पुटपुटले, ‘टाकी तळापर्यंत उपसायचीच नसते. पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह उघडा पडला तर पंप हवा धरतो.’

(शरीरातलं कारण वेगळं आहे, हृदय हवा बिवा धरत नाही. पण ही उपमा त्यांची होती, आणि माणसाने स्वतः शोधलेली अर्धी बरोबर उपमा माझ्या पूर्ण बरोबर व्याख्यानापेक्षा जास्त कामाला येते. मी दुरुस्त केली नाही.)

पुढचा गुणाकार त्यांनीच केला. 70 मिली, मिनिटाला 70 ठोके, म्हणजे जवळजवळ पाच लिटर. दिवसाचे सात हजार. ‘पाऊण टँकर!’ चार महिन्यांत पहिल्यांदा हसले असतील. मग मी न लपवता सांगितलं की त्यांचे 45 कमीच आहेत, थोडा स्नायू दुखावलाय, जो मेला तिथे व्रण राहणार. पण जो नुसता सुन्न झालेला असतो तो काही आठवड्यांत सावरू शकतो, म्हणूनच डॉक्टर इको पुन्हा करायला सांगतात. खोटा दिलासा मी देत नाही, तो पहिल्या छातीतल्या चमकेला उडून जातो.

घटनेपेक्षा तिला लावलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, हे अल्बर्ट एलिस यांनी 1950च्या दशकापासून मानसोपचारात ठासून मांडलं. मी त्याच वाटेची. स्टेंट सगळ्यांना सारखाच पडतो, अर्थ ज्याचा त्याचा.

पण काम अर्धंच झालं होतं. काकांची वही मी पाहिली. लॉगबुकसारखे आखलेले रकाने: वेळ, नाडी, बीपी, ऑक्सिजन. नव्वदच्या वरची नाडी लाल पेनने. एका दिवसात 31 नोंदी.

‘पंपावर दिवसाला 31 रीडिंग घ्यायचात?’

‘तासाला एक. 24.’

‘आणि एखादं वाढलेलं दिसलं तर पंप बंद करायचात?’

‘नाही हो! सकाळी सहाला सगळं गाव नळ सोडतं, लोड वाढणारच.’

मी काहीच बोलले नाही. फक्त लाल पेनने लिहिलेल्या एका नोंदीवर बोट ठेवलं: ‘जिना, दुसरा मजला, 104.’ काकांनी माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि लाल पेनाचं टोपण लावून खिशात ठेवलं. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात टोपण लागल्याचा आवाज इतका समाधानाचा वाटला नव्हता.

तुमच्याही घरी अशी वही असेल तर एवढंच करा. किती चालायचं, नाडी कितीपर्यंत चालेल, बीपी किती वेळा मोजायचं, हे तीन प्रश्न कागदावर लिहून हृदयाच्या डॉक्टरांना विचारा आणि आकडा त्यांच्याच हातचा लिहून घ्या. हे मी ठरवायचं नाही, शेजाऱ्यांनी तर नाहीच. छातीत दाब, घाम, दम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असं काही झालं तर वहीही नको आणि समुपदेशकही नको, 108 लावा, थेट हॉस्पिटल गाठा. बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद करू नका. आणि अटॅकनंतर माणूस आठवडेच्या आठवडे गप्प, चिडचिडा, झोप उडालेला असेल तर ‘होईल ठीक’ म्हणू नका. पाचात एकाला तरी या काळात नैराश्य येतं आणि त्याचा त्रास हृदयालाही होतो.

राहता राहिल्या काकू. दर भेटीला बाहेरच्या बाकावर बसायच्या. पाचव्या वेळी मी त्यांना आत बोलावलं. त्या म्हणाल्या, ‘रात्री यांच्या छातीवर हात ठेवून झोपते. हात उचलला तर थांबेल असं वाटतं.’ काकांना हे माहीतच नव्हतं. ते म्हणाले, ‘अगं, मला वाटायचं तुला गार लागतं म्हणून.’

डॉक्टरांच्या परवानगीने तीन महिन्यांनी दोघं पर्वती चढले. सावकाश, कठड्याला टेकत. नंतर काका सांगायला आले होते: ‘चार वेळा थांबलो. त्यातल्या तीन वेळा हिच्यासाठी.’ म्हणून उतरल्यावर त्यांनी घरच्या मशीनवर काकूंचं बीपी बघितलं. 168/102. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडेही तेच. काकूंनी स्वतःचं बीपी शेवटचं कधी मोजलं होतं, ते दोघांनाही आठवेना.

वही अजून चालू आहे. दिवसातून एक नोंद, रकाना काकूंचा.