२० टनी पोकलेनवरून खाणीतल्या ११० टनी मशीनवर जाताय? आधी जमीन बघायला शिका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तीन वर्षं गावाकडे २० टनी पोकलेन चालवली, शेततळी आणि नाला खोलीकरणाची कामं केली, आता वणीकडच्या एका उघड्या कोळसा खाणीत ठेकेदाराकडे १०० टनांवरच्या मशीनचं काम मिळतंय. मशीन रोज कशी तपासायची, चालवताना काय जपायचं, आणि ‘चेकलिस्टवर नुसती सही मार’ असं कोणी म्हटलं तर काय करायचं?

भाऊ, याच पट्ट्यात मी २१ वर्षं काढली. नऊ वर्षं ऑपरेटर होतो, मग फोरमन झालो, आता नव्या पोरांना मशीनवर शिकवतो. तुम्ही जाण्याआधी विचारलंत याचं मला फार बरं वाटलं, म्हणून सविस्तर लिहितो.

शेततळं खोदताना मशीन कशावर उभी आहे याची फारशी काळजी करावी लागत नाही. खाली पिढ्यान्‌पिढ्या बसलेली जमीन असते. खाणीत पायाखालची जमीन कालपरवा तयार झालेली असते. सुरुंगाने हललेली, डोझरने सपाट केलेली, कधी तर निव्वळ भरावाची. २९ डिसेंबर २०१६ ला झारखंडमध्ये लालमटियाच्या राजमहल खाणीत ओव्हरबर्डनचा, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाचा, प्रचंड ढिगारा सरकला आणि २३ माणसं गेली. मशिनी आणि डंपर त्याखाली गाडले गेले. त्या दिवशी कोणाच्या मशीनचं ऑइल किती होतं याने काहीच फरक पडला नसता. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी मशीनला हात लावू देण्याआधी दहा मिनिटं नुसतं फेसकडे, म्हणजे जिथे खोदायचं त्या उभ्या कड्याकडे, बघत उभं करतो.

बघायचं काय? सर्वांत आधी बेंचच्या, म्हणजे खाणीत खोदलेल्या पायरीच्या, वरच्या काठामागची भेग. आपल्याकडे वरचा थर काळ्या मातीचा, आणि काळी माती उन्हाळ्यात भेगाळतेच. त्यामुळे नवा माणूस एक तर प्रत्येक भेगेला घाबरतो, नाहीतर एकीलाही नाही. फरक असा ओळखा : उन्हाने पडलेल्या भेगांचं जाळं असतं, त्या सगळ्या दिशांना जातात. घसरणीची भेग काठाला समांतर, लांबच लांब जाते आणि तिची काठाकडची बाजू बोटभर का होईना, खाली बसलेली असते. शंका आली तर भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंटी ठोकून अंतर मोजून ठेवा, तासाभराने परत मोजा. अंतर वाढलं असेल तर त्या फेसवर काम करायचं नाही. पावसाळ्यात पहिल्या मोठ्या सरीनंतरचे दोन-तीन दिवस मला सगळ्यात जास्त धास्तीचे वाटतात, कारण उन्हाळ्याच्या त्याच भेगांतून पाणी आत उतरलेलं असतं. बेंचच्या पायथ्याशी कालपर्यंत कोरडी असलेली जागा आज ओली दिसली तर तेही ओव्हरमनला, म्हणजे पाळीच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्याला, सांगा.

मग फेसची उंची. कोळसा खाणींच्या २०१७ च्या नियमावलीप्रमाणे बेंचची उंची मशीनच्या खोदण्याच्या पोहोचेपेक्षा जास्त नसावी आणि रुंदी निदान उंचीइतकी तरी असावी. हा नियम कागदी वाटतो, पण त्याचं कारण साधं आहे. बकेट पोहोचत नाही तिथला दगड तुम्ही काढू शकत नाही. मग खालून कोरत जाता आणि वर छज्जा तयार होतो. खालून कोरून वरचं आपोआप पाडायची युक्ती कोणी शिकवली तर शिकू नका. पडणारा माल कधी पडायचं ते तुम्हाला विचारत नाही.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट बाहेरून आलेल्या ऑपरेटरला माहीत नसते. चंद्रपूर-बल्लारपूरकडे ब्रिटिशांच्या काळापासून भुयारी खाणी आहेत आणि काही उघड्या खाणी त्या जुन्या गॅलऱ्यांच्या, म्हणजे भुयारी बोगद्यांच्या, वरूनच खाली उतरतात. वरून जमीन घट्ट दिसते, खाली पोकळी असते. अशा जागी आधी ड्रिल मारून पोकळी कुठे आहे ते शोधतात आणि सुरुंगाने ती बसवतात. ‘इथे खाली गॅलरी आहे का, आणि ड्रिलने तपासली का’ हा प्रश्न मायनिंग सरदाराला, म्हणजे त्या जागेची सुरक्षा बघणाऱ्याला, विचारायला लाजू नका. फेसवरून धूर किंवा वाफ निघताना दिसली, जळक्या कोळशाचा वास आला, तर मशीन मागे घ्या.

आणि सुरुंगानंतर लगेच फेसवर जाताना माल उकरण्याआधी डोळे उघडे ठेवा. मालात वायर, नळी किंवा न फुटलेल्या बारूदचा तुकडा दिसला की बकेट तिथेच थांबवायची, हॉर्न द्यायचा आणि शॉटफायररला, म्हणजे सुरुंग उडवणाऱ्याला, बोलवायचं. बकेटने बाजूला सारायचं नाही.

आता मशीन. तुम्हाला मिळणारी १०० टनांवरची मशीन, समजा ११० टनांची, पाच-सहा घनमीटरच्या बकेटची. तिची फेरी घ्यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि ती जमिनीवरून, मग वरून अशी दोनदा घ्यायची. शिडी चढताना तोंड मशीनकडे ठेवायचं, दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात कायम टेकलेला असावा. बुटाचा चिखल आधी खरवडून काढा. माझ्या पाहण्यात ऑपरेटरना झालेल्या लहानसहान दुखापतींपैकी बऱ्याच शिडीवरच्या आहेत.

इंजिन ऑइल, कूलंट, फॅन बेल्ट हे तुम्हाला येतंच, त्यावर वेळ घालवत नाही. फक्त गरम रेडिएटरचं झाकण कधी उघडू नका, आणि हायड्रॉलिक टाकीतही दाब असतो, तो सोडल्याशिवाय तिचंही झाकण उघडू नका. हायड्रॉलिक ऑइलची पातळी बघताना बूम (मशीनचा मोठा हात), स्टिक (पुढचा हात) आणि बकेट कंपनीच्या पुस्तकात दाखवलेल्या स्थितीत ठेवा, नाहीतर पातळीची काच चुकीचं सांगते.

खाली ट्रॅकच्या शूजचे बोल्ट बघा. सैल बोल्टभोवती गंजाची लालसर पावडर दिसते किंवा चकाकतं घासलेलं लोखंड दिसतं. तीच खूण स्विंग सर्कलच्या, म्हणजे मशीनचं वरचं धड ज्यावर फिरतं त्या कड्याच्या, बोल्टांवर शोधा. ट्रॅकचा ताण ज्या सिलिंडरमधल्या ग्रीसने धरलेला असतो त्याच्या व्हॉल्व्हसमोर तोंड किंवा अंग आणू नका, आतला दाब माणूस मारण्याइतका असतो. बूम आणि स्टिकच्या वेल्डिंगच्या कडेला केसासारखी रेघ दिसते का ते बघा. धुळीत ती दिसत नाही, फडक्याने पुसावं लागतं.

बकेटच्या दातांबद्दल माझीच गोष्ट सांगतो. ऑपरेटर होतो तेव्हाची, ऑगस्टमधली रात्रपाळी होती. पाऊस पडत होता, गुडघाभर चिखल होता, म्हणून मी खाली न उतरता केबिनमध्ये बसूनच चेकलिस्ट भरली. पाचव्या दाताची पिन निघालेली होती. पहाटेपर्यंत दात गळून मालात गेला, तिथून डंपरमध्ये, तिथून क्रशरवर. तो पुढे कन्व्हेयरच्या पट्ट्यापर्यंत गेला आणि पट्टा चिरत गेला. प्लांट दीड दिवस बंद होता. कोणाला लागलं नाही हे नशीब, पण अडकलेला दात काढायला एक फिटर क्रशरच्या तोंडात उतरला होता आणि तो बाहेर येईपर्यंत मी तिथून हललो नाही. चेकलिस्टवर माझी सही होती. तेव्हापासून मी दात बोटाने मोजतो, शिफ्टच्या सुरुवातीला आणि जेवणाच्या सुट्टीतही.

होजबद्दल, म्हणजे हायड्रॉलिक ऑइलच्या नळ्यांबद्दल, यापेक्षा गंभीर सांगायचं आहे. अशा मशीनमध्ये हायड्रॉलिकचा दाब साडेतीनशे बारच्या आसपास जातो. होज कुठे घासला, त्याला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं, की तिथून ऑइलची धार निघते. ती इतकी बारीक असते की नुसता धुरकटपणा दिसतो. माझ्याबरोबरच्या एका फिटरने गळती कुठे आहे हे बघायला होजवरून हात फिरवला. बोटावर मुंगी चावल्यासारखा ठिपका आला. दुखत नव्हतं. तो हात पुसून कामाला लागला. संध्याकाळपर्यंत तळवा सुजला, रात्री रंग बदलला, दुसऱ्या दिवशी नागपूरला शस्त्रक्रिया झाली आणि दोन बोटं गेली. ऑइल कातडीखाली शिरून आतलं मांस मारत जातं, आणि ठिपका मात्र तेवढाच राहतो. म्हणून गळती शोधायला पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा तुकडा वापरा, हात नाही. आणि कोणाला असा ठिपका आलाच, तर दुखत नसलं तरी त्याच तासाला दवाखान्यात न्या आणि डॉक्टरला ‘हायड्रॉलिक ऑइल दाबाने आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘बोटाला लागलं’ म्हटलं तर मलम लावून घरी पाठवतील.

गळतीचा दुसरा परिणाम आग. टर्बो आणि सायलेन्सर तापलेले, वर कोळशाची भुकटी साचलेली, त्यावर ऑइलचा फवारा. चंद्रपूर-वणीच्या मे महिन्यात, जिथे पारा ४५ च्या वर जातो, तिथे याला फार वेळ लागत नाही. इंजिनजवळची भुकटी आणि तेलकट चिंध्या रोज काढा. आग ओळखून आपोआप विझवणाऱ्या यंत्रणेचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघा, आणि हाताने सोडायचं बटण कुठे आहे ते डोळे मिटून सापडलं पाहिजे. पहिल्याच दिवशी केबिनच्या दुसऱ्या वाटेने एकदा प्रत्यक्ष बाहेर पडून बघा. खिडकीतून, हातोडा कुठे टांगलाय ते बघून. जमिनीपासून केबिन किती उंच आहे ते त्या वेळी कळतं, आणि ते आग लागण्याआधी कळलेलं बरं.

चालवताना तुमच्या जुन्या सवयींपैकी दोन सोडाव्या लागतील. एक, काठाशी तिरपं किंवा समांतर उभं राहणं. फेसवर ट्रॅक काठाकडे सरळ ठेवा आणि स्प्रॉकेट (ट्रॅक फिरवणारं दात्यांचं चाक) मागे ठेवा, म्हणजे पेडल मागे दाबलं की मशीन थेट मागे निघते. स्प्रॉकेट पुढे आला असेल तर तुम्हाला मागे जायचं असतं आणि मशीन पुढे जाते. घाबरलेल्या क्षणी हा हिशोब डोक्यात राहत नाही. दुसरी सवय, भरलेली बकेट जवळच्या वाटेने फिरवणं. डंपरच्या केबिनवरून बकेट कधीही न्यायची नाही, रिकामीसुद्धा नाही. ६० टनी डंपर पाच-सहा बकेटांत भरतो. पहिली बकेट बारीक मालाची टाका, मग मोठे दगड. आधी दगड टाकले तर रिकाम्या बॉडीवर जो दणका बसतो तो आत बसलेल्या ड्रायव्हरच्या मणक्यात जातो. डंपर नीट लागला नसेल तर हॉर्न देऊन परत लावायला सांगा, वाकड्या डंपरला जमवून घेऊ नका.

मागच्या वजनाची, म्हणजे काउंटरवेटची, जागा तुम्हाला केबिनमधून दिसत नाही. कॅमेरा असला तरी धुळीने अर्धा झाकलेला असतो. हेल्पर ग्रीस गन घेऊन तिथूनच येतो, सावलीला तिथेच बसतो. नियम एकच ठेवा : हेल्पर तुमच्या डोळ्यांना डोळा देईपर्यंत, आणि तुम्ही बकेट जमिनीवर टेकवून कंट्रोल बंद करणारा लॉकचा दांडा ओढेपर्यंत, तो मशीनच्या घेऱ्यात येणार नाही. त्याला हे तुम्ही स्वतः समजावून सांगा. बहुतेक हेल्पर अठरा-वीस वर्षांचे असतात, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

आता सहीचं. खाणीत अशी मशीन चालवायला मॅनेजरची लेखी परवानगी लागते, आणि त्याआधी व्होकेशनल ट्रेनिंग सेंटरचं प्रशिक्षण. ती दोन्ही कागदं झाल्याशिवाय खुर्चीत बसू नका, ठेकेदार ‘नंतर करू’ म्हणाला तरी. काही झालं तर नंतरचा कागद तुमच्या घरच्यांच्या उपयोगाचा नाही. चेकलिस्टवर जे बघितलं तेवढंच लिहा. ब्रेक, स्टिअरिंग, हॉर्न, स्विंग लॉक, आग विझवणारी यंत्रणा, दिवे यांतलं काही बंद असेल तर मशीन उभी ठेवा, आणि लॉगबुकात वेळेसकट लिहा : ‘रात्री ११.४०, स्विंग ब्रेक धरत नाही, फोरमनला सांगितलं.’ हेच स्वतःच्या खिशातल्या डायरीतही लिहा. वाद घालू नका, आवाज चढवू नका, फक्त लिहा आणि ओव्हरमनला दाखवा. फेस थांबवायचा अधिकार त्याचा आहे, आणि लेखी समोर आल्यावर तो सहसा दुर्लक्ष करत नाही. माझ्या अनुभवात, ज्याने असं लिहिलं त्याची नोकरी क्वचितच गेली. एकदा मात्र एका पोराला दुसऱ्या साइटवर पाठवलं. त्याला मी तेव्हाही सांगितलं होतं की तू बरोबर केलंस, आजही सांगतो.

शिफ्ट बदलताना मशीन कडक आणि सपाट जागेवर, फेसच्या उंचीपेक्षा जास्त अंतर मागे घेऊन उभी करा. बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन चार-पाच मिनिटं सावकाश चालू ठेवा म्हणजे टर्बो थंड होईल, मग बंद करा, दांडे हलवून उरलेला दाब सोडा, बॅटरीचा स्विच काढा. पुढचा ऑपरेटर आला की त्याच्याबरोबर खाली उतरून एक फेरी मारा आणि रात्री काय काय वाटलं ते सांगा. भेग कुठे आहे, कुठला डंपर मागे सरकतो, कुठून पाणी झिरपतंय, सगळं. रात्री तीन-चारच्या सुमारास डोळे जड झाले असतील तर तेही सांगा, म्हणजे शेवटच्या दोन तासांत भरलेला फेस तो जास्त काळजीने बघेल.

रुजू झाल्यावर मशीनचं मॉडेल कळवा. त्या मशीनच्या ग्रीस पॉइंटचा नकाशा माझ्या वहीत असेल तर फोटो काढून इथेच टाकतो.