आधीच्या कंपनीनं कामावरून काढलं होतं. सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ते आडवं येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षांपूर्वी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीनं तुम्हाला काढलं. आता अंबाझरीच्या आयुध निर्माणीत निवड झाली आहे, हातात साक्षांकन फॉर्म (नेमणुकीआधी आपली माहिती लिहून द्यायचा अटेस्टेशन फॉर्म) आहे आणि 'आधीची नोकरी सोडण्याचं कारण' या रकान्यापाशी पेन अडलंय. कंपनीचं नावच गाळलं तर चालेल का, असंही विचारलंय. 'सिक्युरिटी क्लिअरन्स'साठी सात वर्षांतली हकालपट्टी सांगावी लागते असं वाचल्याचंही लिहिलंय.

नाव गाळू नका. खाजगी कंपनीनं काढलं एवढ्यावरून निवड जाणं फार क्वचित घडतं. गाळलेलं नाव नंतर सापडलं तर मात्र अवघड जातं. हे नुसतं ऐकीव नाही, त्यामुळे आधी माझंच सांगतो.

१९९६ साली मीही हिंगण्यालाच होतो, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. प्रोबेशन चालू होतं. वार्षिक मोजणीत ६२०५ नंबरची बेअरिंगं कमी भरली. बिन कार्डावर, म्हणजे मालाच्या नोंदीच्या कार्डावर, ११२, रॅकवर ६४. कार्डावरच्या शेवटच्या चार नोंदी माझ्या अक्षरातल्या होत्या, एवढं पुरलं. चौकशी नाही, नोटीस नाही. शनिवारी पगाराच्या पाकिटासोबत दोन ओळींचं पत्र मिळालं: आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही, हिशोब घेऊन जावा. त्यात बेअरिंगचा शब्दही नव्हता. ती ४८ बेअरिंगं कुठं गेली ते मला आजही ठाऊक नाही.

पुढच्याच वर्षी स्टाफ सिलेक्शनमधून एका केंद्रीय कार्यालयात क्लार्क म्हणून निवड झाली आणि हाच फॉर्म हातात आला. बाबा म्हणाले, "खाजगी तर होती नोकरी, काहून लिहितो?" मी मधला मार्ग काढला. कंपनीचं नाव-पत्ता लिहिला आणि कारणाच्या रकान्यात टाकलं, 'घरगुती कारण'.

पोलीस पडताळणी झाली ती अशी. नंदनवनला आमच्या गल्लीत एक हवालदार सायकलवर आला. घरी येण्याआधी तो कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर थांबला, हे ठेलेवाल्यानंच मला नंतर सांगितलं. "हा पोरगा कसा आहे जी? भांडण-गिंडण करते का?" ठेलेवाला म्हणाला, "नाही जी, उधारी राह्यते त्याची, पन देते." मग घरी येऊन त्यानं रेशनकार्ड पाहिलं, किती वर्षांपासून इथे राहता ते विचारलं, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, चहा घेतला आणि गेला. कंपनीबद्दल अक्षरही विचारलं नाही. मी समजलो, सुटलो.

दीड महिन्यानं कार्यालयातून बोलावणं आलं. त्यांनी फॉर्मवरच्या पत्त्यावर सरळ कंपनीलाच पत्र टाकलं होतं, आणि कंपनीनं उत्तर दिलं होतं की अमुक तारखेपासून सेवा समाप्त केली. प्रशासन अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. त्यांचं वाक्य अजून कानात आहे: "काढलं याचं आम्हाला काही नाही. हे घरगुती म्हणजे काय, ते सांगा." मी दोन पानी खुलासा दिला, कंपनीच्या पत्राची प्रत जोडली, माफी मागितली. नोकरी मिळाली, पण माझ्यासोबत निवडलेले चौघं पाच महिने पगार घेत होते तेव्हा मी घरी बसलो होतो. आज ही ढिलाई कुणी दाखवेल याची मला खात्री नाही.

नंतर त्याच कार्यालयाच्या आस्थापना शाखेत (नेमणुका आणि सेवेचे कागद बघणाऱ्या) माझी बरीच वर्षं गेली आणि असे शेकडो फॉर्म माझ्याच टेबलावरून गेले.

पडताळणी पडताळणी म्हणतो आपण, पण त्यात दोन वेगळी कामं असतात. पोलीस पाहतात ते गुन्हे: अटक, खटला, शिक्षा, दंड, चांगल्या वर्तणुकीचा बाँड, राहण्याचा पत्ता खरा की नाही. तुम्हाला कुठल्या मॅनेजरनं काढलं हे पोलीस ठाण्याच्या कुठल्याच रजिस्टरात नसतं. संरक्षण खात्यातल्या काही पदांसाठी चौकशी जास्त खोलवर जाते, पण तिचाही रोख गुन्हे, संघटना, संबंध यांवरच असतो. नोकऱ्यांचा इतिहास जुळवून पाहतं ते नेमणूक करणारं कार्यालय. अंबाझरीची निर्माणी १ ऑक्टोबर २०२१ पासून यंत्र इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत गेली, तिचं मुख्यालय नागपुरातच आहे. पाटी बदलली तरी दारूगोळ्याची जागा आहे, कागद बघणारे कागद बघणारच.

केंद्राच्या नेहमीच्या साक्षांकन फॉर्मवर सुरुवातीलाच इशारा छापलेला असतो: खोटी माहिती दिली किंवा खरी दडवली तर ती अपात्रता धरली जाईल. आणि नोकरीच्या रकान्यात केंद्र, राज्य, निमसरकारी, स्वायत्त संस्था, सार्वजनिक उपक्रम यांच्या जोडीला खाजगी कंपनीही स्पष्ट लिहिलेली असते. म्हणून 'खाजगी तर होती' हा बाबांचा युक्तिवाद तेव्हाही चुकीचा होता. तुमच्या फॉर्मचे शब्द एकदा बोट ठेवून वाचा, कारण जे विचारलंय त्याचंच उत्तर द्यायचं असतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात हेच सांगितलं: दिलेली माहिती खरी हवी, पण फॉर्ममधला प्रश्नही नेमका हवा, आणि जे नेमकं विचारलंच नाही ते दडवलं असं म्हणता येत नाही. ते प्रकरण गुन्ह्यांच्या माहितीबद्दलचं होतं, पण कार्यालयं माहिती दडवण्याकडे कसं बघतात ते त्यावरून कळतं.

आता तुमच्या पत्रावर कुठला शब्द आहे ते बघा. आपल्याकडे कुणाची नोकरी गेली की गल्ली म्हणते 'सस्पेंड झाला', पेपर म्हणतो 'बडतर्फ', आणि माणसाला फक्त ठेकेदारानं ब्रेक दिलेला असतो. सरकारी नियमांत या शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. केंद्राच्या १९६५ च्या शिस्त नियमांत, नियम ११ मध्ये, शेवटच्या दोन शिक्षा शेजारी-शेजारी आहेत. सेवेतून काढून टाकणं ही पुढच्या सरकारी नोकरीसाठी अपात्रता ठरत नाही. बडतर्फी ही सामान्यतः अपात्रता ठरते. महाराष्ट्राच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांतही हाच भेद आहे. निलंबन ही तर शिक्षाच नाही, चौकशी होईपर्यंत बाजूला बसवणं आहे. पण हे सगळं सरकारी सेवेतून गेलेल्यांसाठी. तुमची कंपनी खाजगी होती, तिच्या पत्रात 'डिसमिस' लिहिलं असलं तरी हा नियम ११ तुम्हाला लागत नाही. तिथे प्रश्न उरतो तो एवढाच की कशासाठी काढलं आणि पुढे पोलिसांत गेलं का.

हे दुसरं महत्त्वाचं. चोरी, अफरातफर असं काही म्हणून कंपनीनं तक्रार केली असेल, नोकरानं केलेल्या चोरीचं जुनं ३८१ कलम किंवा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३०६ लागलं असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा नोकरी सोडण्याच्या कारणाचा रकाना नंतर बघा, गुन्ह्यांचे रकाने आधी भरा, आणि वकिलाला विचारून भरा. सुटका झाली असली तरी विचारलं असेल तर लिहायचं. तुमच्या प्रश्नात तसं काही दिसलं नाही, म्हणून पुढे जातो.

नाव गाळून ते लपतं का, तर बहुतेक नाही. पीएफच्या पोर्टलवर युएएन (तुमचा पीएफचा कायमचा नंबर) टाकून 'सर्व्हिस हिस्टरी' उघडा: कंपनीचं नाव, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, तिन्ही दिसतात. पीएफ कापला नसेल तर ईएसआयचा (कामगार विम्याचा) नंबर असतो, टीडीएस कापला असेल तर २६एएस, म्हणजे कापलेल्या कराचा तक्ता, असतं, नाहीतर बँकेच्या पासबुकात दर महिन्याची जमा असते. यातली गंमत ही की पीएफमध्ये सोडण्याच्या कारणाचे पर्याय मोजकेच आहेत: निवृत्ती, मृत्यू, कायमचं अपंगत्व, नाहीतर नुसतं 'सेसेशन', म्हणजे नोकरी संपली. 'हाकलला' असा पर्यायच नाही. म्हणजे पीएफ तुमची बदनामी करत नाही, तुम्ही तिथे होता एवढंच सांगतं. आणि तुमच्या फॉर्ममध्ये त्या नोकरीच्या महिन्यांच्या जागी पोकळी असेल तर कारकून तिथेच पेन्सिलची खूण करतो. मी स्वतः अशा खुणा केल्या आहेत.

मग लिहायचं काय? एक ओळ. 'प्रोबेशन काळात कंपनीने अमुक तारखेच्या पत्राने सेवा समाप्त केली. प्रत जोडली आहे.' गैरहजेरीवरून काढलं असेल तर गैरहजेरी लिहा. मॅनेजर कसा खुनशी होता, युनियन कशी विकली गेली, हे त्या रकान्यात नको. खुलासा मागितला तर तिथे सांगा, तोही एका पानात. तारीख पत्रावरची आणि पीएफमधली एकच आहे का ते तपासा. चार दिवसांचा फरक असेल तर तुम्ही पत्रावरचीच लिहा.

आणखी एक प्रकार एमआयडीसीत सर्रास चालतो. काढायचं असतं, पण कंपनी राजीनामा लिहून घेते, फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशोब, हातावर टेकवते. तुमचं तसं झालं असेल तर कागदावर राजीनामाच आहे, 'राजीनामा' लिहिणं खोटं नाही. माझं मत मात्र असं की त्या वेळी आरोपपत्र दिलेलं असेल किंवा चौकशी चालू असेल, तर तेही एका वाक्यात लिहावं. पूर्वीची नोकरी सरकारी असेल तर हे माझ्या मतावरही सोडलेलं नाही. राजीनाम्याच्या किंवा नोटिशीच्या वेळी शिस्तभंगाची कारवाई चालू होती का, वर्तणुकीबद्दल खुलासा मागितला होता का, असं फॉर्म वेगळं विचारतो.

एक पोरगा आठवतो. सिक्युरिटी एजन्सीनं रात्रपाळीत झोपला म्हणून काढलेला. त्यानं रकान्यात अगदी तसंच लिहिलं, 'ड्युटीवर झोप लागल्याने काढले'. शाखेत दोन दिवस हसलो आम्ही. फाईल मात्र कुठेही अडली नाही, तो आजही नोकरीत आहे. त्याच बॅचमधला दुसरा, हुशार. मारबतीच्या मिरवणुकीत ढकलाढकली झाली होती, पोलीस कायद्याखाली काहीशे रुपये दंड भरून सुटला होता. 'कधी दंड झाला आहे का' यापुढे त्यानं 'नाही' लिहिलं. पोलिसांच्या अहवालात तो दंड आला, पाठोपाठ कारणे दाखवा नोटीस आली. त्याचं पुढे दीड वर्ष त्या एका 'नाही'पायी गेलं. दंड लिहिला असता तर आमच्या शाखेनं त्यावर 'किरकोळ' असा शेरा मारून फाईल वर पाठवली असती.

तुम्ही जे 'सिक्युरिटी क्लिअरन्स' म्हणून वाचलंय, सात वर्षांतली हकालपट्टी सांगावी लागते वगैरे, ते अमेरिकेच्या सरकारी सुरक्षा-तपासणीच्या एसएफ-८६ फॉर्ममधलं आहे. तिथे काढलं का, काढणार असं कळल्यावर तुम्हीच सोडलं का, गैरवर्तनाच्या आरोपानंतर आपसात ठरवून सोडलं का, असं वेगवेगळं विचारतात. प्रश्न चांगले आहेत, पण तुमच्या फॉर्मला ती सात वर्षं लागू नाहीत. मिहानमध्ये विमानतळाच्या आतलं काम घेतलं असतंत तर एंट्री पाससाठीही पोलीस पडताळणी झाली असती, तिथेही रोख गुन्ह्यांवरच.

बऱ्याचदा पडताळणी पूर्ण व्हायच्या आत तात्पुरती नेमणूक देतात. रुजू झालो म्हणजे झालं, असं धरून चालू नका. अहवाल नंतर येतो आणि तोवर नेमणूक त्याच्या अधीन असते. भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स काढून घरी ठेवा. पुढे कधी खुलासा द्यायची वेळ आली तर आपणच काय लिहिलं होतं ते आठवत नाही, मला आठवत नव्हतं.

आता कंपनीचं ते पत्र काढा आणि त्यावरचा नेमका शब्द इथे लिहा: टर्मिनेट, डिसमिस, डिस्चार्ज की नुसतं 'सेवेची आवश्यकता नाही'. पत्रच दिलं नसेल तर तेही सांगा. मग रकान्यातली ओळ बसवून देतो.