रस्त्याची मोजमाप पुस्तिका पाहायला मिळेल का?

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेने केलेला डांबरी रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडला. तो का उखडला, हे मी माहितीच्या अधिकारात विचारले आणि गेल्या पाच वर्षांतील शहरातल्या सर्व रस्त्यांची कागदपत्रेही मागितली. ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ आणि ‘माहिती विस्तृत असल्याने कलम 7(9) अन्वये नाकारण्यात येत आहे’ अशी उत्तरे मिळाली. आता काय करावे?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : पहिले उत्तर कितीही कोरडे वाटले, तरी ते कायद्याला धरून आहे. अधिकाऱ्याने ‘का’ या प्रश्नाचा खुलासा करणे म्हणजे माहिती देणे नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्ये स्पष्ट केले आहे. दुसरे उत्तर मात्र चुकीचे आहे. मागितलेल्या स्वरूपात माहिती देताना कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर खर्ची पडत असेल, तर ते स्वरूप बदलण्याची मुभा कलम 7(9) देते. माहिती नाकारण्याची नाही. त्यामुळे आपल्याला निदान अभिलेख प्रत्यक्ष पाहण्यास बोलवायला हवे होते.

तरीही पाच वर्षांच्या सर्व रस्त्यांमागे न लागता आधी या एकाच रस्त्याचा नवा अर्ज करावा, असे आम्ही सुचवू. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द अपेक्षित असतात, आणि मोघम अर्जाला मोघम उत्तर देणे कार्यालयाला फार सोपे जाते. कागद नावानिशी मागावेत : मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, करारनामा, गुणवत्ता चाचणी अहवाल, अदा केलेली देयके आणि मुख्य म्हणजे मोजमाप पुस्तिका, जिला कार्यालयात सगळे ‘एमबी’ म्हणतात. खडीचा आणि डांबराचा थर किती लांबी-रुंदीवर व किती जाडीचा टाकला, याची नोंद अभियंता तिच्यात करतो आणि त्याच नोंदीवर ठेकेदाराचे बिल निघते. म्हणून आपल्या ‘का’चे उत्तर मिळालेच, तर ते याच पानांत मिळेल. करारनाम्यातील दोषदायित्व कालावधी संपलेला नसेल, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. ती तारीख आधी पाहावी.

अर्जात झेरॉक्सऐवजी अभिलेख पाहणी मागावी. पाहणीचा पहिला तास विनाशुल्क असतो, टिपणे काढता येतात आणि हवी तेवढीच पाने 2 रुपये प्रतिपान दराने घेता येतात. पुणे महापालिकेने 2009 मध्ये दर सोमवारी नागरिकांना दप्तर खुले केले होते. त्याच धर्तीवर राज्य शासनाने 2018 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांना सोमवारी दुपारी 3 ते 5 ही वेळ ठेवण्यास सांगितले. आपल्या नगरपरिषदेत ती पाळली जाते का, हेही विचारून पाहावे. याशिवाय कलम 2(ञ) नुसार कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही अधिकार आपल्याला आहे. रस्त्याच्या कामात तो कागदांइतकाच मोलाचा असूनही फारसा कोणी वापरत नाही, याचे आम्हाला नवल वाटते.

जुना अर्जही सोडून देऊ नये. उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत, 20 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, प्रथम अपील करावे. अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील त्या उत्तरातच द्यावा लागतो. अपिलात केवळ कलम 7(9) चा मुद्दा मांडावा आणि पाहणीची तारीख ठरवून मागावी. तेथेही नकार मिळाला, तर राज्य माहिती आयोगाकडे 90 दिवसांत दुसरे अपील करता येते. पण आयोगात सुनावणीला बराच काळ लागतो, म्हणून नव्या अर्जाची वाट त्यासाठी अडवून ठेवू नये.