नाशिक ते नागपूर विमानानं किती अंतर, आणि वेळ खरंच वाचतो का?

तुमचा प्रश्न नाशिक-नागपूर हवाई अंतराचा आणि प्रवासाला लागणाऱ्या वेळेचा आहे. माझी धाकटी बहीण नागपूरला धरमपेठेत दिलीय, त्यामुळे ही वाट मी रेल्वेनं, गाडीनं आणि विमानानं, तिन्ही प्रकारे तुडवलीय.

नाशिकचं विमानतळ ओझरला, नागपूरचं सोनेगावला. ओझर ते सोनेगाव सरळ रेघ ओढली तर साधारण ५४५ किलोमीटर. या मार्गावर मी बसलोय ते पंख्याचं एटीआर विमान. ते ताशी ५०० च्या आसपास जातं, म्हणजे हिशेबानं तासाभराचं काम. तिकिटावर मात्र दीड तास किंवा थोडा जास्तच दिसतो. त्यात लबाडी काही नाही. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि नागपूरला जागेवर उभं राहिलं की थांबतं. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरण्याआधी वळसा घेणं, सगळं त्यात धरलेलं असतं. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून असतो, म्हणून जाताना थोडं लवकर आणि येताना थोडं उशिरा.

पण खरा वेळ जमिनीवर जातो. ओझर शहरापासून वीसेक किलोमीटर. द्वारका ते आडगाव नाका संध्याकाळी कसा असतो ते नाशिककराला सांगायला नको. वर तासदीड तास आधी पोचायचं. माझ्या इंदिरानगरच्या दारापासून बहिणीच्या दारापर्यंत साडेचार-पाच तास धरा. रेल्वेनं नाशिकरोडहून साडेसहाशे किलोमीटर, रात्री विदर्भ एक्सप्रेसला बसलं की सकाळी नागपूर. स्वतःच्या गाडीनं शिर्डीजवळ समृद्धीला लागलात तर सात-आठ तास. चौघं असाल तर मी गाडीच म्हणेन. एकटे असाल आणि काम तातडीचं असेल तर विमान.

एकदा डिसेंबरात मी ओझरला अडीच तास नुसता बसून होतो. एकच विमान दिवसभर चार गावं करतं, सकाळी कुठं उशीर झाला की तो संध्याकाळपर्यंत पुढं सरकत राहतो. म्हणून दुपारनंतरच्या विमानावर त्याच दिवशीचं लग्न किंवा मुलाखत ठेवू नका.

तिकीट काढताना ‘थेट’ हा पर्याय निवडून बघाच. नाहीतर साइट तुम्हाला दुसऱ्याच शहरात उतरवून नागपूरला नेते, आणि मग रेल्वे परवडली म्हणायची वेळ येते. वेळापत्रक मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, तेव्हा जुन्या वेळेवर विसंबू नका.

जाताना डावीकडची खिडकी मागा. आकाश स्वच्छ असेल तर द्राक्षबागांच्या पलीकडे सातमाळा डोंगररांग दिसते, धोडपचा किल्ला तर लगेच ओळखू येतो.