‘इच्छेचे आज्ञापालन’ : इच्छा पाळतात का?

विचारणा अशी आहे : मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, महिलांच्या बायबल अभ्यासासाठी मराठीत काही धडे तयार करायचे आहेत. विषय आहे देवाच्या इच्छेप्रमाणे पूर्णपणे जगणं. मथळा ठरला ‘देवाच्या इच्छेचे संपूर्ण आज्ञापालन’. घरातल्या एका निवृत्त शिक्षिकेने हरकत घेतली की आज्ञा पाळतात, इच्छा पाळत नाहीत. मग ‘आज्ञाधारकता’, ‘अधीनता’, ‘समर्पण’ असे पर्याय निघाले. यातला बरोबर शब्द कोणता, आणि मूळ मथळा चुकला असेल तर नेमका कुठे?

बाईंची हरकत रास्त आहे. आज्ञा पाळतात, मानतात, शिरसावंद्य मानतात किंवा मोडतात. इच्छा पुरी करतात, राखतात, तिच्याप्रमाणे वागतात, तिच्याविरुद्ध जातात. ‘देवाचे आज्ञापालन’ म्हटलं तर चालतं, कारण तिथे षष्ठी आज्ञा कुणाची ते सांगते. ‘इच्छेचे आज्ञापालन’ म्हटलं की इच्छाच आज्ञा देऊ लागते. पण एक शब्द काढून दुसरा घातल्याने हे काम भागणार नाही. बायबलमध्ये या विषयाला किमान तीन क्रियापदं आहेत, आणि तिघांनाही मराठीत घरचे, रोजच्या वापरातले जोडीदार आहेत. मथळ्यात त्या तिघांचा मिळून एक संस्कृत समास झाला, म्हणून तो अडखळतो.

आधी ‘इच्छा’ घेऊ. मराठी माणूस ‘देवाची इच्छा!’ म्हणतो तो बहुधा घटना घडून गेल्यावर. माणूस गेला, पीक बुडालं, ठरलेलं लग्न मोडलं, की सुस्कारा टाकून हे दोन शब्द येतात. त्यात करण्यासारखं काही उरलेलं नसतं, सोसणं तेवढं असतं. तुकोबांच्या ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ या ओळीचाही रोजच्या बोलण्यात आपण तेवढाच अर्थ करतो. बायबलमध्येही हा सूर आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पौल यरुशलेमला निघतो, तिथे त्याला बेड्या पडणार हे सगळ्यांना कळलेलं असतं, सोबती रडून विनवतात, तो ऐकत नाही. तेव्हा ते गप्प होतात आणि प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो, एवढंच म्हणतात.

येशूच्या तोंडी मात्र इच्छा घटनेच्या आधी येते. प्रभूच्या प्रार्थनेतलं ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ सगळ्यांना पाठ असतं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, ग्रीक पाठात हेच शब्द, अक्षरही न बदलता, गेथशेमाने बागेत पुन्हा येतात. तिथे येशू दुसऱ्यांदा प्रार्थना करतो, आणि शिष्यांना शिकवलेलं वाक्य आता त्याला स्वतःसाठी म्हणावं लागतं. पहाट झालेली नाही, शिपाई आलेले नाहीत, बागेतून निघून जाणं अजून शक्य आहे. धडे लिहिताना ‘इच्छा’ हा शब्द सुस्काऱ्याच्या अर्थाने वाचला जाणार नाही याची काळजी घ्यायला हवी, कारण वाचणाऱ्या बायकांच्या कानांवर तो अर्थ लहानपणापासून पडलेला असतो.

इच्छेसाठी शुभवर्तमानांत क्रियापद आहे ते ‘करणं’. मराठी बायबल ‘इच्छेप्रमाणे वर्ततो’, ‘इच्छेप्रमाणे करावे’ असं लिहितं, आणि ते उत्तम मराठी आहे. मत्तयाच्या २१व्या अध्यायात दोन मुलांचा दाखला आहे. बाप पहिल्याला सांगतो, आज द्राक्षमळ्यात जाऊन काम कर. तो म्हणतो, जात नाही. पण मागून त्याला पस्तावा होतो आणि जातो. दुसरा लगेच हो म्हणतो आणि जात नाही. येशू विचारतो, या दोघांपैकी बापाच्या इच्छेप्रमाणे कोण वागला? आज्ञा दोघांनाही एकच मिळाली होती. प्रश्न मात्र इच्छेचा विचारला. पहिला तोंडावर आज्ञा मोडणारा, तरी बापाची इच्छा त्यानेच पुरी केली. ‘इच्छेचे आज्ञापालन’ असा समास बांधला की या दाखल्याचा सगळा जीव ज्या फरकात आहे तो फरकच पुसला जातो.

‘पाळणं’ हे क्रियापद खरं तर फार सुरेख आहे. आपण गुरं पाळतो, शब्द पाळतो, सुतक पाळतो, पथ्य पाळतो. जपणं, राखणं, निगा ठेवणं हा त्याचा गाभा. आज्ञांसाठी हिब्रू बायबल जे क्रियापद पुन्हा पुन्हा वापरतं ते ‘शामर’, आणि त्याचा अर्थही राखणं हाच. एदेन बागेची मशागत आणि राखण करायला आदामाला ठेवलं तिथे हाच धातू आहे. मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे, असं काईन उर्मटपणे विचारतो तिथेही हाच. म्हणजे ‘आज्ञा पाळा’ हे शब्दशः योग्य भाषांतर आहे, आणि ‘पाळा’मध्ये नुसत्या हुकूमबरदारीपेक्षा जास्त आहे. माझ्यावर प्रीती असली तर माझ्या आज्ञा पाळाल, हे योहानाच्या १४व्या अध्यायातलं वचन मराठीत इतकं सहज बसतं ते या क्रियापदामुळेच. ‘पालन’ हे नाम केलं की ते सरकारी परिपत्रकातलं वाटू लागतं. नियमांचे पालन, सूचनांचे पालन.

आता तिसरं क्रियापद. माझ्या मते सगळ्या चर्चेची किल्ली इथे आहे. ज्याला आपण आज्ञापालन म्हणतो त्यासाठी हिब्रूत वेगळा खास शब्दच नाही. तिथे ‘शामा’ आहे, म्हणजे ऐकणं. ग्रीक नव्या करारातला ‘हुपाकोए’ हा शब्दही ‘ऐकणं’ या धातूवरूनच आलेला आहे, खाली राहून ऐकणं असा. लॅटिनमध्येही तेच घडलं. आणि मराठी? आपली आई दिवसातून दहादा म्हणते, ‘तो माझं ऐकतच नाही.’ पोराचे कान ठणठणीत असतात हे तिला ठाऊक असतं.

इथलं व्याकरण बघण्यासारखं आहे. ‘आईची हाक ऐकली’ म्हणजे आवाज कानावर आला. ‘आईचं ऐकलं’ म्हणजे तिने सांगितलं तसं केलं. ‘सांगणं’ किंवा ‘म्हणणं’ हा शब्द अध्याहृत राहतो, नपुंसकलिंगी षष्ठी तेवढी उरते, आणि तेवढ्याने कानाचं काम हातापायांपर्यंत पोचतं. हिब्रूतही आवाज कानावर येणं आणि एखाद्याच्या ‘आवाजात ऐकणं’ असा भेद आहे, आणि ही दुसरी रचना बहुधा सांगितल्याप्रमाणे वागण्यासाठी येते. इतक्या दूरच्या दोन भाषांत हे साम्य आपापलं उगवलं आहे. मला त्याचा मोठा आनंद वाटतो, आणि मराठी ख्रिस्ती लेखनात त्याचा उपयोग फार कमी होतो याचं वाईटही वाटतं.

१ शमुवेलचा १५वा अध्याय हिब्रूत या एका शब्दावर उभा आहे. सुरुवातीला शमुवेल संदेष्टा शौल राजाला सांगतो, परमेश्वराचं म्हणणं ऐक. शौल अमालेकी लोकांवर स्वारी करतो. काहीही मागे ठेवू नकोस असं सांगितलेलं असतं. तो त्यांच्या अगाग राजाला जिवंत ठेवतो आणि चांगली चांगली मेंढरं-गुरं राखून ठेवतो. शमुवेल गिलगालला पोचतो तेव्हा शौल म्हणतो, मी परमेश्वराचं सांगणं पुरं केलं. शमुवेल विचारतो, मग मेंढरांचा हा आवाज मी काय ऐकतो आहे? पुढे विचारतो, परमेश्वराचं का ऐकलं नाहीस? शौल म्हणतो, ऐकलं की. मग ते प्रसिद्ध वचन येतं, मराठी बायबलात ‘यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे’. हिब्रूत तिथे शब्दशः आहे, यज्ञापेक्षा ऐकणं बरं. शेवटी शौल कबूल करतो : मी लोकांना भ्यालो आणि त्यांचं ऐकलं.

देवाचं ऐक, मेंढरांचं बेंबें ऐकू येतं, तू ऐकलं नाहीस, मी ऐकलं, यज्ञापेक्षा ऐकणं बरं, मी लोकांचं ऐकलं. एकच शब्द फिरत फिरत शौलाच्या खऱ्या दुखण्यावर येऊन थांबतो : त्याने ऐकलं, पण भलत्याचं. मराठीत हे सगळं एकाच क्रियापदात आणता येतं, जराही ओढाताण न करता. एके ठिकाणी ‘वचन मानणे’, दुसरीकडे ‘आज्ञा पाळणे’, तिसरीकडे ‘ऐकणे’ असं विखुरलं की वाचकाला हा धागा दिसत नाही. (या अध्यायातली मूळ आज्ञा एका आख्ख्या जमातीच्या संहाराची आहे. धडे घेताना कुणी ना कुणी त्याबद्दल विचारेल, विचारायलाच हवं. त्या प्रश्नाला बगल देऊन फक्त ‘आज्ञा पाळा’ हा बोध काढणं मला पटत नाही.)

‘शेमा इस्राएल’, म्हणजे ‘इस्राएला, ऐक’, ही यहुद्यांची मुख्य प्रार्थना याच क्रियापदाने सुरू होते. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की बाहेरच्या यहुद्यांशी कित्येक शतकं संबंध नसतानाही ही प्रार्थना त्यांच्यात टिकून होती. मराठी बायबलात ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या ६व्या अध्यायात तिथे ‘श्रवण कर’ आहे. शब्द भारदस्त आहे, पण श्रवण आपण कीर्तनाचं करतो, पोथीचं करतो आणि घरी जातो. ‘त्याने आईचं श्रवण केलं’ असं कुणी म्हणत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, सबंध बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, आणि पुरं बायबल १९२४मध्ये छापून निघालं. खेड्यातल्या साध्या बाईला कळावं हा त्यांचा आग्रह होता. महिलांसाठी धडे लिहिणाऱ्याने तो आग्रह जरूर समोर ठेवावा.

‘संपूर्ण’विषयी थोडं. ‘संपूर्ण आज्ञापालन’ म्हटलं की ते मोजण्याची वस्तू होते : नव्वद टक्के पाळलं, दहा राहिलं. शौलाची चूक अशी मोजता येईल खरी. पण मराठी बायबलात ‘पूर्ण’, ‘संपूर्ण’ ही विशेषणं मनाला, जिवाला, शक्तीला लागतात : संपूर्ण मनाने, संपूर्ण जिवाने प्रीती कर. शलमोन राजा देवाकडे मागतो तेही हिब्रूत शब्दशः ‘ऐकणारं हृदय’ आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यांचा पहिला शब्द ‘ऐक’ असा आहे, आणि पाठोपाठ हृदयाचा कान लाव असं तो सांगतो. मराठीत ‘मनापासून’, ‘मनोभावे’, ‘जिवाभावाने’ असे शब्द आहेत. मला इथे ‘मनापासून’ सर्वांत खरा वाटतो.

बाकीचे पर्याय लवकर आटोपतात. ‘अधीनता’त सत्ता दिसते, नातं दिसत नाही, शिवाय कुणाच्या अधीन होणं यात नाइलाजाची छटा आहे. ‘समर्पण’ चांगला शब्द आहे, पण ते एका क्षणी करून टाकता येतं, आणि धड्यांचा विषय रोजच्या वागण्याचा आहे. ‘आज्ञांकित’ आणि ‘आज्ञाधारक’ शाळेच्या अर्जाखाली सही करताना इतके वापरले गेले की त्यांची धार गेली. ‘आज्ञाधारकपणा’ मात्र ‘इब्री लोकांस पत्र’ याच्या ५व्या अध्यायात एका हलवून टाकणाऱ्या ठिकाणी आहे : येशू पुत्र असूनही, जे सोसलं त्यातून आज्ञाधारकपणा शिकला. ग्रीक शब्द तोच, हुपाकोए. ‘सोसता सोसता तो ऐकायला शिकला’ असं समजावून सांगून बघा, म्हणजे पुत्रालाही हे शिकावं लागलं, हा त्या ओळीतला धक्का ऐकणाऱ्यापर्यंत पोचेल.

कॅथलिक धर्मभगिनी आणि धर्मबंधू दारिद्र्य आणि ब्रह्मचर्य यांच्याबरोबर तिसरं व्रत घेतात त्याला ‘आज्ञापालन’ म्हणणं योग्यच आहे. व्रतालाही नाव लागतं, आणि तिथे आज्ञा देणारे वरिष्ठ खरोखर असतात. तुमच्या धड्यांत तसं नाही. मरीयेचंच पाहा. गब्रिएल देवदूत तिला काही करायला सांगत नाही. जे होणार आहे ते सांगतो. मूल होईल, त्याचं नाव येशू ठेव, यात नाव ठेवण्यापुरतीच आज्ञा आहे. तरीही मंडळी शतकानुशतकं तिचं उदाहरण या विषयासाठी देत आली, ते तिच्या उत्तरामुळे : ‘आपण सांगितल्याप्रमाणे मला होवो.’ पाळण्याजोगी आज्ञा जवळपास नाही, पण ऐकणं पुरेपूर आहे.

तेव्हा मथळ्यासाठी माझी पहिली पसंती ‘देवाचं मनापासून ऐकणं’ ही. मंडळीत तो फार घरगुती वाटला, तर ‘देवाच्या इच्छेप्रमाणे पूर्ण मनाने वागणे’ हा व्याकरणाला आणि बायबलच्या मराठीलाही धरून आहे. ‘आज्ञापालन’ हा शब्द ठेवायचाच असेल, तर त्याच्या मागची ‘इच्छा’ काढा आणि ‘देवाचे आज्ञापालन’ एवढंच लिहा. मात्र त्या धड्यांत दोन मुलांचा दाखला घेणार असाल, तर तो मथळा त्याच्याशी जुळणार नाही. तिथे पहिल्या दोनपैकीच एक हवा.