ताडोब्याचं माहितीपत्रक करताय? आधी एवढं बघा

मसुदा वाचला. भाषा छान आहे तुमची, पण पहिलं पान १९५५ च्या इतिहासात आणि पक्ष्यांच्या यादीत संपलंय. पहिल्यांदा येणारा माणूस पहाटे अंधारात बॅग सांभाळत उभा असतो, त्याला हवं असतं फक्त गेटचं नाव. मोहर्लीऐवजी कोलाऱ्याला पोचला की सफारी गेलीच! म्हणून ते सगळ्यात वर, ठळक.

त्याखाली:

- मंगळवारी कोअर (जंगलाचा आतला गाभा) बंद. पावसाळ्यातही कोअर बंद.
- बुकिंगला दिलेलं मूळ ओळखपत्रच आणा, झेरॉक्स नको.
- कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही. हे आधीच कळलं तर गेटवर वाद होत नाहीत.
- डिसेंबरात उघडी जिप्सी म्हणजे दात वाजतात. ‘उबदार कपडे’ असं मोघम नको, सरळ ‘कानटोपी, शाल’ लिहा.

नवखे दोन ठिकाणी हमखास चुकतात. एक, मुखपृष्ठावर वाघ आणि ‘दर्शन नक्की’. दुसरं, नुसत्या मनाईच्या ओळी. ‘उतरू नका’सोबत कारणही द्या: वाळल्या गवतात बसलेला वाघ दहा पावलांवरूनही दिसत नाही.

नकाशे, क्यूआर कोड पुढच्या आवृत्तीत. छापण्याआधी कधीच जंगलात न गेलेल्या एखाद्या मावशीला वाचायला द्या. ती अडखळेल ती ओळ बदला.