पहिली ऑर्डर टाकण्याआधी

शेअर खरेदी-विक्रीच्या ॲपवर मोठ्या आकड्यात दिसणारा भाव हा शेवटच्या सौद्याचा असतो. तुम्हाला त्याच भावात शेअर मिळेल असं नाही. म्हणून आधी 'मार्केट डेप्थ' उघडा: एका बाजूला खरेदीदारांचे पाच भाव, दुसरीकडे विक्रेत्यांचे पाच.

समजा, विक्रेते असे आहेत: २१२.१० ला ४० शेअर, २१२.८० ला २५, पुढे थेट २१६ ला ३५. तुम्ही १०० शेअरची 'मार्केट' ऑर्डर टाकली, तर ती खालून वर सगळे भाव खात जाते आणि सरासरी पडते २१३.६४. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये तर भावांमधली ही दरी फारच मोठी असते. सुरुवातीला 'लिमिट' ऑर्डरच वापरा, हे मी आग्रहाने सांगतो. २१२.५० ची मर्यादा घातली, तर ४० शेअर लगेच मिळतील, उरलेले रांगेत थांबतील, ३.३० पर्यंत नाही मिळाले तर तेवढी ऑर्डर आपोआप रद्द.

ऑर्डर टाकताना 'डिलिव्हरी' (शेअर घेऊन स्वतःकडे ठेवणं) निवडलंय ना, पुन्हा बघा. चुकून 'इंट्राडे' (त्याच दिवशी घेऊन विकणं) राहिलं, तर बाजार बंद व्हायच्या आधी ब्रोकर ते शेअर स्वतःच विकून सौदा कापतो, तोटा असला तरी.

सोमवारी घेतलेले शेअर मंगळवारी डीमॅटमध्ये, म्हणजे तुमच्या शेअरच्या खात्यात, येतात, मध्ये सुट्टी नसेल तर. ते खरंच आले का, हे सीडीएसएल किंवा एनएसडीएल (डीमॅटमधले शेअर सांभाळणाऱ्या संस्था) यांच्या स्वतःच्या साइटवर तपासा, फक्त ब्रोकरच्या ॲपवर नको.